हुकूम चुकीचा असला तरी हायकोर्ट हात का घालत नाही?

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात दोन शेजाऱ्यांचा बांधावरून दावा चालू आहे. वादी म्हणतो, शेजाऱ्याने बांध कोरत कोरत चार गुंठे आत घेतले. प्रतिवादी म्हणतो, बांध आजोबांच्या काळापासून आहे तिथंच आहे. वादी अर्ज देतो, की कोर्ट कमिशनर (कोर्टाच्या वतीने जागेवर जाऊन अहवाल देणारा माणूस) नेमावा आणि भूमी अभिलेख खात्याकडून दोन्ही गटांची संयुक्त मोजणी करून घ्यावी. दिवाणी न्यायाधीश अर्ज नामंजूर करतात. वकील सांगतात, "या हुकमावर अपील होत नाही, पण हायकोर्टात रिट टाकता येईल." नकला काढल्या जातात, फी ठरते. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. तिथं काही मिनिटांत याचिका फेटाळली जाते. हुकमात एवढंच असतं, की खालच्या कोर्टाने घेतलेली भूमिका शक्य कोटीतली आहे, अनुच्छेद २२७ खाली हस्तक्षेप करण्याचं कारण दिसत नाही.

पक्षकाराला वाटतं, आपलं कुणी ऐकलंच नाही. खरं तर त्याचं ऐकलेलं असतं, पण त्याने विचारलेला प्रश्न वेगळा आणि न्यायमूर्तींनी तपासलेला प्रश्न वेगळा. तो विचारत होता, "हा हुकूम चुकीचा नाही का?" न्यायमूर्ती पाहत होते, की खालच्या न्यायाधीशांनी कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकलं का, किंवा जो अधिकार वापरायलाच हवा होता तो वापरायचं नाकारलं का. या दोन प्रश्नांतलं अंतर समजलं, की रिट कधी मंजूर होते आणि कधी नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

अपील हा हक्क, रिट ही विनंती

अपील कायद्याने दिलेला हक्क असतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. कोणत्या हुकूमनाम्यावर (म्हणजे दाव्याच्या अंतिम निकालावर) अपील, अधल्यामधल्या कोणत्या हुकमावर अपील, ते कुठल्या कोर्टात, हे सगळं तिच्यात ठरलेलं आहे. पहिल्या अपिलात वरचं कोर्ट पुरावा पुन्हा वाचतं, साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हे नव्याने ठरवतं, आणि निकाल उलटाही करतं. तुम्ही मुदतीत आलात आणि कोर्ट फी भरली, तर "तुमचं ऐकायचं की नाही ते बघू" असं ते म्हणू शकत नाही.

रिटचं तसं नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ मध्ये उच्च न्यायालयाला हे असाधारण अधिकार दिलेले आहेत. २२६ खाली ते सरकारला, महामंडळाला, नगरपालिकेला आदेश देतं. २२७ खाली ते आपल्या क्षेत्रातल्या सर्व न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेख करतं. लष्करी न्यायालयं तेवढी वगळली आहेत. हा अधिकार उच्च न्यायालयाचा आहे, पक्षकाराचा नाही. पक्षकार फक्त लक्ष वेधतो. लक्ष द्यायचं की नाही, हे कोर्टाच्या विवेकावर.

देखरेखीचा हा अधिकार संविधानाच्याही आधीचा. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं ते ज्या १८६१ च्या कायद्याखाली, त्याच्या कलम १५ मध्ये तो होता. १९१५ च्या कायद्याने तो कायम ठेवला. १९३५ च्या कायद्याने मात्र न्यायालयीन हुकूम तपासण्याची बाजू काढून घेतली आणि बरीचशी प्रशासकीय देखरेख उरली. १९५० मध्ये संविधानाने ती बाजू परत दिली. आणीबाणीत, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने, पुन्हा कात्री लागली: न्यायाधिकरणं देखरेखीतून वगळली आणि ज्या निकालावर अपील किंवा पुनरीक्षण (वरच्या कोर्टाने करायची मर्यादित फेरतपासणी) नाही त्याला २२७ खालीही हात लावायचा नाही, असं लिहिलं. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ते मागे घेतलं. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २२६ आणि २२७ हे संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवले, म्हणजे संसदेलाही ते काढून घेता येणार नाहीत. सत्तेत असलेल्यांना हा अधिकार दोनदा छाटावासा वाटला, यातच त्याची ताकद दिसते. आणि इतका मोठा अधिकार आहे म्हणूनच तो जपून वापरायचा, हे न्यायालयांनी स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे.

मिरजकर ते राधेश्याम

न्यायाधीशाच्या हुकमाविरुद्ध रिट चालते का, या प्रश्नाची सुरुवात मुंबईतल्या एका गाजलेल्या खटल्याने करायला हवी. १९६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'ब्लिट्झ'चे संपादक रुसी करंजिया यांच्याविरुद्ध बदनामीचा दावा चालू होता. न्यायमूर्ती होते वि. म. तारकुंडे, जे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत अग्रभागी राहिले. एका साक्षीदाराने सांगितलं, माझ्या साक्षीच्या बातम्या छापून आल्याने माझ्या धंद्याचं नुकसान होतंय. तारकुंडेंनी तोंडी हुकूम दिला, की त्याची साक्ष छापू नये. नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर पत्रकार चिडले. आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आली, म्हणत त्यांनी उच्च न्यायालयात रिट केली. ती फेटाळली गेल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं. सरन्यायाधीश होते मूळ सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर. मार्च १९६६ मध्ये निकाल आला. दोन पक्षांमधल्या वादात न्यायाधीशाने न्यायदानाचा भाग म्हणून दिलेला हुकूम चुकीचा असू शकतो, पण त्याने मूलभूत हक्काचा भंग झाला असं म्हणून रिट मागता येत नाही; दाद मागायची तर अपिलाच्या वाटेने. शिवाय उच्च न्यायालय हे वरिष्ठ न्यायालय, त्याच्या न्यायमूर्तीच्या न्यायिक हुकमावर रिट निघत नाही. नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला एकटेच विरुद्ध मताचे होते.

पत्रकारांच्या बाजूने पाहिलं तर हा निकाल आजही बोचतो. खुल्या कोर्टातली साक्ष जनतेपासून लपवण्याचा हुकूम आणि त्यावर रिट नाही, हे पचायला जड आहे. पण त्यातला एक विचार टिकला: न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांना एकाच मापाने मोजायचं नाही. अधिकारी नागरिकाविरुद्ध निर्णय घेतो तेव्हा तो स्वतःच एक पक्ष असतो. न्यायाधीश दोघांचं ऐकून तिसरा म्हणून ठरवतो, आणि त्याची चूक सुधारण्यासाठी कायद्याने आधीच पायऱ्या बांधून ठेवलेल्या असतात.

हा विचार दिवाणी कोर्टांना कसा लागू होतो, यावर खरी ओढाताण झाली ती २००२ नंतर. तोवर दाव्यात अधेमधे होणाऱ्या हुकमांवर संहितेच्या कलम ११५ खाली पुनरीक्षण अर्ज करता येत असे. साक्षीदाराला एक प्रश्न विचारू दिला नाही, चला हायकोर्टात. दस्त पुरावा म्हणून निशाणी करून घेतला नाही, चला हायकोर्टात. दावे वर्षानुवर्षं रखडायचे. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे दार जवळपास बंद केलं. आता उच्च न्यायालयाने विचारायचं, की हा हुकूम अर्जदाराच्या बाजूने झाला असता तर दावा तिथंच कायमचा संपला असता का? उत्तर 'नाही' असेल तर पुनरीक्षण नाही. नागपूरच्या शिवशक्ती गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा अर्थ पक्का केला.

मग वकिलांनी संविधानाकडे मोर्चा वळवला. त्याच वर्षी, २००३ च्या ऑगस्टमध्ये, सूर्यदेव राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, की संहितेतली दुरुस्ती संविधानाने दिलेल्या अधिकाराला हात लावू शकत नाही. दिवाणी कोर्टाच्या हुकमावर २२६ खालीही रिट चालेल आणि २२७ खालीही. जे दार संसदेने बंद केलं त्याच्या शेजारी दुसरं, जास्त रुंद दार उघडलं गेलं. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, राधेश्याम प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मिरजकरचा आधार घेऊन ते अर्धं लावलं. दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक हुकमावर २२६ खालची रिट नाही. उरते ती फक्त २२७ खालची देखरेख. आजचा कायदा हा आहे. मुंबई उच्च न्यायालयात अशा याचिकेला सवयीने सगळे 'रिट पिटिशन'च म्हणतात, क्रमांकही तसाच पडतो, पण आतून ती देखरेखीची याचिका असते.

हा भेद नुसता नावाचा नाही. एकल न्यायमूर्तींनी २२६ खाली निर्णय दिला, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या लेटर्स पेटंटखाली, म्हणजे त्याच्या स्थापनेच्या सनदेखाली, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे अपील करता येतं. देखरेखीच्या अधिकाराखाली दिला, तर ते अपील नाही. पुढे थेट दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. म्हणून याचिकेवर '२२६ आणि २२७' असे दोन्ही आकडे टाकायची पद्धत पडली. २०१० मध्ये मुंबईहूनच गेलेल्या एका खासगी वादात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर कडक शब्दांत नाराजी दाखवली. वर कोणता आकडा छापलाय यापेक्षा मागणी आणि हुकूम कशाच्या जोरावर आहेत, हे पाहिलं जातं.

हायकोर्ट कधी हात घालतं

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय, की हा अधिकार अगदी क्वचित वापरायचा, आणि तोही खालच्या न्यायालयांना त्यांच्या अधिकाराच्या हद्दीत ठेवण्यासाठी, साध्या चुका दुरुस्त करण्यासाठी नाही. प्रत्यक्षात ही हद्द कशी ओलांडली जाते, ते पाहू.

सगळ्यात उघड प्रकार म्हणजे अधिकार नसताना प्रश्न ठरवणं. पश्चिम महाराष्ट्रातलं नेहमीचं उदाहरण कूळ कायद्याचं, म्हणजे १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचं. जमिनीच्या दाव्यात प्रतिवादी म्हणाला, "मी कूळ आहे," आणि त्यावर मुद्दा निघाला, तर तो दिवाणी कोर्टाने ठरवायचा नसतो. कलम ८५अ प्रमाणे तो मामलेदारांकडे, म्हणजे आजच्या तहसीलदारांकडे पाठवायचा आणि तोवर दावा थांबवायचा. न्यायाधीशांनी स्वतःच पुरावा घेऊन "हा कूळ नाही" असं ठरवलं, तर त्यांचा निष्कर्ष कितीही पटणारा असो, तो त्यांच्या हद्दीबाहेरचा आहे. इथं उच्च न्यायालय फारसं थांबत नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट: अधिकार आहे, पण वापरलाच नाही. निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे अंतरिम मनाई हुकमाचा, महिनोन्महिने पडून आहे आणि इकडे जागेवर बांधकाम चढतंय. किंवा न्यायाधीशांनी लिहिलं, "मला असा हुकूम करण्याचा अधिकार नाही," आणि कायदा सांगतो की आहे. अशा वेळी वरचं कोर्ट सहसा स्वतः निर्णय देत नाही, "तुम्ही निर्णय द्या" असं सांगतं. पूर्वी त्याला "अमुक आठवड्यांत" अशी मुदत सर्रास जोडली जायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की खालच्या कोर्टांना अशा मुदती अपवादानेच घालाव्यात, कारण हायकोर्टापर्यंत पोचू शकणाऱ्याचं प्रकरण पुढे जातं आणि बाकीचे रांगेत मागे पडतात. मला हे पटतं. जो पैसे खर्च करून वर जाऊ शकतो त्याची पाळी आधी, हा न्याय नव्हे.

तिसरा प्रकार, दुसऱ्या बाजूला ऐकूनच न घेता दिलेला हुकूम. नोटीस बजावली नाही, म्हणणं मांडायची संधी दिली नाही, अर्ज आला त्याच दिवशी मंजूर. यात हुकूम बरोबर होता की नाही हा विचार मागे पडतो. ऐकूनच घेतलं नाही, तर तो न्यायनिर्णय होतच नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो चौथ्या प्रकारात, ज्याला वकील 'परव्हर्स' म्हणतात. निष्कर्ष असा, की हाती असलेल्या कागदांवरून कोणताही समंजस न्यायाधीश तिथं पोचलाच नसता. पुरावा शून्य असताना काढलेला निष्कर्ष, निर्णायक दस्त समोर असून त्याचा उल्लेखही नसणं, सर्वोच्च न्यायालयाचा बंधनकारक निकाल दाखवूनही बाजूला टाकणं. गजेंद्रगडकरांनीच मिरजकर निकालाच्या आधी, मद्रासकडच्या एका बस परवान्याच्या प्रकरणात, ही रेघ आखली होती. कायद्याची चूक नोंदीवर नजर टाकताच दिसत असेल तर रिट. वस्तुस्थितीबद्दलची चूक, ती कितीही गंभीर वाटो, रिटमध्ये उकरायची नाही. मात्र निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसेल, किंवा ग्राह्य पुरावा चुकीने नाकारला असेल, तर ती कायद्याचीच चूक. व्यवहारात याची ढोबळ खूण अशी, की चूक दाखवायला वकिलांना तासभर युक्तिवाद करावा लागला आणि दहा कागद जुळवावे लागले, तर ती 'नजर टाकताच दिसणारी' नाही.

आता सांगलीच्या त्या दाव्याकडे वळू, कारण सगळी गुंतागुंत तिथंच दिसते. कमिशनर नेमायचा की नाही, हा न्यायाधीशांचा विवेकाधिकार आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात सांगितलं, की लगतच्या दोन जमिनींच्या हद्दीचाच वाद असेल तर मोजणीसाठी कमिशनर नेमायला हवा होता. मग आपल्या वादीची याचिका मंजूर व्हायला हवी ना? ते दाव्याच्या पोटात काय आहे यावर ठरतं. दोघांनाही मालकी मान्य, गट नंबर मान्य, प्रश्न एवढाच की रेघ कुठून जाते, आणि विश्वासार्ह संयुक्त मोजणी झालेलीच नाही, तर अर्ज नाकारणं म्हणजे तो प्रश्न ठरवायचं एकमेव खात्रीचं साधन नाकारणं. हायकोर्ट हस्तक्षेप करील, अशी चांगली शक्यता आहे. पण वादीचं खरं भांडण "जमीन कुणाच्या कब्जात आहे" हे असेल आणि कब्जा सिद्ध करण्याचं ओझं तो कमिशनरच्या खांद्यावर टाकू पाहत असेल, तर नाही. पुरावा गोळा करणं हे पक्षकाराचं काम. किंवा मोजणी आधीच झालेली आहे, नकाशा दाखल आहे, फक्त तो वादीच्या विरुद्ध गेला म्हणून दुसरी मोजणी हवी आहे, तर मुळीच नाही. हुकूम एकाच शब्दाचा, 'नामंजूर', पण एका दाव्यात तो हद्द सोडतो आणि दुसऱ्यात सोडत नाही.

म्हणून "शेजारच्या गावातल्या अमक्याची रिट मंजूर झाली, मग माझी का नाही" ही तुलना फार थोड्या वेळा उपयोगी पडते.

कधी नाही

दोन कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असेल तर आशा फार धरू नये. निशाणी ५ वरच्या हुकमावर जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील होतं. त्यावर दुसरं अपील संहितेने बंद केलंय, म्हणून लोक तिथून २२७ खाली येतात. मुंबई उच्च न्यायालयात अशा याचिका मोठ्या संख्येने असतात. कब्जा कुणाचा, सात-बारावर काय नोंद, पंचनाम्यात काय, हे दोन न्यायाधीशांनी तपासलेलं असतं. तिसऱ्यांदा तपासणं म्हणजे कायद्याने नाकारलेलं दुसरं अपील मागच्या वाटेने देणं. मुंबई उच्च न्यायालयानेच भाड्याच्या जागेच्या एका प्रकरणात पुरावा पुन्हा तोलून जिल्हा न्यायालयाचा निष्कर्ष फिरवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते चुकीचं ठरवलं: देखरेख करणारं कोर्ट स्वतःला अपिलाचं कोर्ट बनवू शकत नाही.

संहितेतच दुसरा उपाय असेल तरीही दार बंद. अपील करता येत असताना ते टाळून २२७ खाली आलेल्या याचिका उच्च न्यायालयांनी जवळपास घेऊच नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर आधी त्याच कोर्टात तो रद्द करण्याचा अर्ज. तो फेटाळला तर अपील. हे सोडून थेट वर गेलात, तर वेळही जातो आणि अपिलाची मुदतही.

उशीर हेही एक कारण. २२७ खाली यायला कायद्याने मुदत घातलेली नाही, पण हुकूम होऊन वर्ष-दीड वर्ष दावा पुढे चालू दिला, साक्षी होऊ दिल्या, आणि मग जुना हुकूम टोचायला लागला, तर कोर्ट विचारतं, इतके दिवस काय करत होता?

कैफियतीच्या, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या, बाबतीत मात्र उच्च न्यायालय बरंच उदार असतं. प्रतिवादीने ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत कैफियत द्यायची. न दिल्यास दावा विनाकैफियत चालवायचा हुकूम होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही मुदत साध्या दाव्यांत ताणता येईल असं ठरवलं. त्यामुळे सबळ कारण असेल तर विरुद्ध पक्षाला खर्च देण्याच्या अटीवर कैफियत घेण्याची परवानगी अनेकदा मिळते. व्यावसायिक दाव्यांत नाही. तिथं १२० दिवसांनंतर दार कायमचं बंद.

फौजदारी बाजूचं गणित थोडं निराळं. तिथं अंतरिम हुकमांवर पुनरीक्षण कायद्यानेच मना केलंय. पण मधू लिमयेंनी तेव्हाचे राज्याचे कायदामंत्री अंतुले यांच्यावर केलेल्या वक्तव्यावरून मुंबईत बदनामीचा खटला भरला गेला, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ मध्ये निकाल झाला, की खटला चालवणं हाच प्रक्रियेचा गैरवापर असेल, तर उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार त्या मनाईने अडत नाहीत. हे अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहेत. व्यक्तीचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं, म्हणून इथं दार दिवाणीपेक्षा थोडं जास्त उघडं.

स्थगितीचा मोह

इतका संयम का, याचं उत्तर कोणत्याही तालुका कोर्टाच्या बोर्डावर सापडतं. दाव्याच्या वाटेवर डझनभर अंतरिम हुकूम होतात. प्रत्येकावर हायकोर्टात जाऊन स्थगिती मिळू लागली, तर दावा संपणारच नाही. आणि हे लपवण्यात अर्थ नाही, की कित्येक याचिकांचा खरा हेतू हुकूम बदलून घेणं हा नसतोच. ज्याचा कब्जा आहे, ज्याला घर खाली करायचं नाही, ज्याला वाटणी द्यायची नाही, त्याला स्थगितीच हवी असते. वाटणीच्या दाव्यात हिस्सा मागणारी बहीण म्हातारी होते आणि भाऊ जमीन कसत राहतो. उच्च न्यायालय एका रिटला 'नाही' म्हणतं, तेव्हा पलीकडे कुणाची तरी वाट मोकळी होते, हे रिट करणाऱ्याला दिसत नाही.

नुसती याचिका दाखल केल्याने खालचं काम थांबत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. "आम्ही हायकोर्टात गेलोय" असा अर्ज देऊन तारीख मागितली जाते, पण स्थगितीचा हुकूम नसेल तर न्यायाधीश पुढे जाऊ शकतात. मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठते, असं २०१८ च्या एका निकालामुळे काही वर्षं धरलं जात होतं. २०२४ च्या, वर उल्लेख केलेल्या, पाच न्यायमूर्तींच्या निकालाने ते रद्द केलं. आता स्थगिती उठवायची तर तसा हुकूमच लागतो, म्हणून विरुद्ध पक्षाने गप्प बसून चालत नाही. स्थगिती उठवण्याचा अर्ज द्यावा लागतो.

रिट केली म्हणजे आपण न्यायाधीशावर 'केस केली', ही समजूत खेड्यापाड्यांत फार आहे आणि तिच्यामुळे काही जण घाबरून योग्य याचिकाही करत नाहीत. न्यायाधीशांना याचिकेत पक्ष करायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रथेवर १९९९ मध्येच नापसंती दाखवलीय. समोर असतो तो तुमचा मूळ विरुद्ध पक्ष. न्यायाधीशांना उत्तर द्यावं लागत नाही. त्यांचा हुकूमच काय ते बोलतो.

माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. फेटाळताना दोन-तीन ओळींचे हुकूम होतात, आणि ज्याने गाई-म्हशी विकून फी भरली त्याला आपलं काय चुकलं हे कळतच नाही. हस्तक्षेप न करण्याचं कारणही चार वाक्यांत सांगता येतं. हद्द ओलांडली नाही, उपाय दुसरा आहे, निष्कर्ष दोन्ही कोर्टांचा एकच आहे, यातलं नेमकं काय लागू पडलं, एवढं तरी लिहावं.

कारण याचिका फेटाळली म्हणजे मुद्दा मेला, असं नसतं. संहितेचं कलम १०५ फार थोड्या पक्षकारांना माहीत असतं. दाव्याच्या ओघात झालेल्या एखाद्या हुकमातल्या चुकीचा अंतिम निकालावर परिणाम झाला असेल, तर शेवटच्या हुकूमनाम्यावरच्या अपिलात ती चूक एक हरकत म्हणून मांडता येते. सांगलीच्या वादीला मोजणी मिळाली नाही आणि तेवढ्याचसाठी तो दावा हरला, तर जिल्हा न्यायालयातल्या अपिलात त्याला म्हणता येईल, की माझा कमिशनरचा अर्ज चुकीने नाकारला. अपिलाचं कोर्ट तेव्हा मोजणी करून घेऊ शकतं किंवा प्रकरण परत पाठवू शकतं. अडचण एवढीच, की दरम्यान हायकोर्टाने त्याच मुद्द्यावर गुणदोषांत शिरून मत दिलेलं असेल, तर जिल्हा न्यायाधीश त्या मतापुढे जायला कचरतात. म्हणून याचिका टिकत नाही असं दिसलं, की जाणता वकील उभा राहून न्यायमूर्तींना एक वाक्य मागतो: "पक्षकारांचे सर्व मुद्दे खुले ठेवण्यात येत आहेत." कधी तो याचिका त्या अटीवर मागेही घेतो. हुकमाची नकल हाती आली, की आधी हे वाक्य त्यात आहे का, ते पाहावं.